तीन इंचांचं भोक

शाल्मलीनं फक्कीच्या चारही कोपऱ्यांत
एकेक उदबत्ती खोचली
तेव्हा मोतीराम मिस्त्रींनी चपला काढल्या
आणि हात जोडून उभे राहिले.
पूजा नव्हती ती.
ती धुराकडे बघत होती, वही घेऊन,
दुपारी चारला मनोरीच्या खाडीवरून
वारा नक्की कुठून शिरतो ते.
नैर्ऋत्येकडून, म्हणाली, आणि नकाशातली खिडकी
दीड हात सरकली.
मिस्त्रींनी चपला मात्र संध्याकाळीच घातल्या.

बोरिवलीची आमची इमारत पाडली त्या आठवड्यात
तिनं डेब्रिजवाल्याला गाठलं.
रात्री कुठल्यातरी खारफुटीत ओतशील,
त्यापेक्षा आम्हाला दे.
तीन ट्रक आले भाईंदरवरून, दिवसाढवळ्या.
जोत्यात भरायला ढीग पसरला आणि त्यात
पिस्ता रंगाची अर्धी फरशी,
कडेला तेलाचा पिवळा डाग.
माझ्या ओट्यामागची.
एकोणतीस वर्षं मी त्या डागाशी भांडले,
सोडा, लिंबू, शेवटी ॲसिडसुद्धा.
"बाजूला ठेवायची का, काकू?"
नको, म्हटलं. घाल खाली. जरा भार घेऊ दे तिलाही.
त्या रात्री झोप आली नाही,
हे शाल्मलीला सांगितलं नाही.

चुना पंधरा दिवस खड्ड्यात भिजला.
त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी पडलं मात्र,
गावातल्या सगळ्या मुंग्या रेशनला लागल्यासारख्या रांगेत.
शेजारची ब्रिजिट किणी कुंपणावरून ओरडली,
"भिंती बांधता की नाताळचे फुगे तळता?"

हे सगळं खरं, पण लोखंड जालन्याचंच आहे.
सिमेंटही टळलं नाही, टाकीला लागलं,
शेहेचाळीस गोणी, मी मोजल्या.
समुद्र इतका जवळ की विहीर मचूळ,
म्हणून पडवीखाली टाकी, कौलांवरचं पाणी धरायला.
विद्याधरनं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला,
वर्षाला दीड लाख लिटर येणार,
त्यातलं बरंचसं ओसंडून जाणार.
"जाऊ दे," मिस्त्री म्हणाले,
"विहिरीला काय तहान नसते?"

मग भोकाची भानगड.
बायपासनंतर विद्याधरला मे महिना सोसत नाही.
शाल्मलीनं समजावलं, जांभ्याची दीड फुटी भिंत,
उंच कौल, पश्चिमेला न तोडलेलं भेंडीचं झाड.
तो ऐकत होता, शर्टावरून छातीचा व्रण चोळत.
"आणि तुमचा वारा दमला तर?"
ती गप्प झाली. वही मिटली.
निकाल मिस्त्रींनीच दिला,
निजायच्या खोलीत, छताखाली, तीन इंचांचं भोक.
एसी नाही.
नुसतं भोक.
वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवलं.

फेब्रुवारीत राहायला आलो. मार्चात बोळा गळून पडला
आणि एक कुंभारीण ये-जा करू लागली,
तोंडात वाटाण्याएवढा चिखल,
टाकीच्या नळाखालून उचललेला.
मंजुरी नाही, ट्रक नाही, जालना नाही.
तिसऱ्या दिवशी भोक बुजलं.
ब्रिजिट म्हणाली, कुंभारणीनं घर केलं
म्हणजे घरात कुणीतरी पोटुशी!
मी एकसष्ट पूर्ण.
विद्याधर इतका हसला की छाती धरून बसला,
मी धावले, तर अजून हसतच होता.

आज तीस एप्रिल, रात्रीचे दोन.
तो जागा आहे, मला श्वासावरून कळतं.
वारा येतो, मध्येच थांबतो,
खिडकीशी काहीतरी विसरल्यासारखा.
पंख्याची पाती एकेक मोजता येतील इतकी हळू.
"फार होतंय का रे? उद्या बोलवू का माणूस?"
तो कूस बदलतो.
वर, अंधारात, त्या चिखलाच्या गोळ्याकडे बघत असावा.
"बघू पंधरा मेपर्यंत," म्हणतो,
"तिची पोरं तरी उडून जाऊ देत आधी."